मगरमुखाचं पाणी कुठं गेलं

आमच्या कंधारात त्याला परनाळा म्हणतात. पुरातत्त्व खात्याचे साहेब लोक मकरप्रणाल म्हणतात आणि खेड्यातली माणसं सरळ मगरीचं तोंड म्हणून मोकळी होतात. जुन्या देवळाच्या, किल्ल्याच्या नाहीतर मशिदीच्या भिंतीतून दगडाचं एक तोंड बाहेर आलेलं असतं आणि त्यातून पाणी पडतं, ती ही वस्तू. संपादक साहेब मला म्हणाले, युसूफभाई, तुम्ही जन्मभर दगड फोडले, त्यावर लिहा की. मी म्हणालो, फोडणारे वेगळे, आम्ही घडवणारे. ते हसले. मला काही हसू आलं नाही, कारण हा फरक सांगण्यातच माझी अर्धी हयात गेली आहे.

आधी धंदा काय आहे ते सांगतो. लोकांना वाटतं, परनाळ्याचं खरं काम म्हणजे ते तोंड. वटारलेले डोळे, वर वळलेली सोंड, दात. फोटोही त्याचाच काढतात. खरं काम गळ्यात असतं. आतली पन्हळ किती खोल, तिला उतार किती, आणि खालच्या ओठाच्या पोटात एक बारीक खाच आहे का नाही. ती खाच नसली की पाणी ओठाला धरून मागं सरकतं आणि भिंत खातं. खाच असली की थेंब तिथं अडतो आणि खाली पडतो. जुन्या लोकांनी हे सगळं करून ठेवलं आणि वर मगर बसवली. माझे मामू म्हणायचे, मगर बघायला आहे, खाच जगायला आहे. मामूच माझे उस्ताद. कंधारच्या किल्ल्यापासून औशापर्यंत त्यांनी हात लावला नाही असा जुना दगड नसेल.

आता जी गोष्ट सांगायची ती मला आजवर नीट समजलेली नाही. समजली असती तर लिहिलीच नसती, उगाच कागद कशाला खराब करायचा? निलंग्याकडचं एक गाव होतं. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. भूकंपात गाव बसलं. मातीच्या आणि दगडाच्या जाड भिंती, त्या झोपलेल्या माणसांवर पडल्या. गावाबाहेर काळ्या पाषाणाचं महादेवाचं जुनं देऊळ, ते उभं राहिलं. फक्त त्याची उत्तरेची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली आणि तिच्यातला परनाळा निखळून खाली पडला. गाभाऱ्यात पिंडीवर घातलेलं पाणी त्या परनाळ्यातून बाहेर यायचं. लोक ते डोळ्यांना लावायचे, तापलेल्या लेकराला पाजायचे, पेरणीच्या आधी बियाण्यावर शिंपडायचे.

देवळाचे गुरव बसाप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. गणपती बोळवून आल्यावर त्या रात्री अप्पा देवळाच्या ओट्यावरच आडवे झाले होते, म्हणून वाचले. त्यांची बायको काशीबाई घरात होती. ती गेली. गावाला पुढं सरकारनं वर माळावर नवीन घरं बांधून दिली. सगळे तिकडं गेले. अप्पा खाली देवळापाशीच पत्र्याच्या खोलीत राहिले. त्यांचा मुलगा मल्लू तोवर लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागला होता. तो बापाला सारखा बोलवायचा. अप्पा म्हणायचे, भिंत उभी राहू दे, पाणी सुरू होऊ दे, मग बघू.

मंजुरीला वर्षं गेली. शेवटी काम निघालं आणि मामूंना निरोप आला. भिंत उतरवायची, दगडाला नंबर घालायचे, जोत्याची डागडुजी करायची आणि तेच दगड त्याच जागी परत चढवायचे. जोत्याच्या आत आणि पिंडीखाली मात्र हात लावायचा नाही, अशी अप्पांची अट होती. पिंड हालवायची नाही. आम्ही ती पोत्यांनी आणि कडब्यानं बांधून झाकून ठेवली.

नंबरांची गंमत ऐका. मामूंची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू. आकडे मराठी घालायचे असं ठरलं, पण हाताची सवय जाते कुठं? त्यांनी बाहेर उभं राहून भिंतीच्या उजव्या कोपऱ्यातून एक नंबर सुरू केला आणि डावीकडं निघाले. ओव्हरसियर साहेब तरुण, मराठी शाळेतले. ते आत गाभाऱ्याच्या बाजूनं उभे राहिले आणि आपल्या नकाशावर डावीकडून एक, दोन, तीन मांडले. भिंत उतरल्यावर दोघांच्या लक्षात आलं, आणि दोघंही कपाळाला हात लावून बसले. मग मला कोणी तरी चहा आणून दिला आणि चहा पिता पिता मी म्हणालो, अहो, आत उभं राहिलं की बाहेरचं उजवं ते डावं होतं. म्हणजे दोघांचा एक नंबर एकाच दगडावर पडतो. मामूंनी दोन्ही हात हवेत फिरवून बघितले. साहेबांनी नकाशा उलटा करून, मग उजेडासमोर धरून बघितला. जमलं होतं. कसं जमलं ते मामूंना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि खरं सांगतो, आज लिहिताना मलाही पेला आणि वाटी मांडून बघावी लागली.

दुसरा घोटाळा जागेचा. काम चालू असताना आम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून भाकरी खाल्ली, परनाळ्याच्या जागेवरून दिवसभर इकडून तिकडं गेलो. महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच घालतात, परनाळ्यापाशी आलं की मागं फिरतात, तो ओलांडत नाहीत. हे मला माहीत होतं. पण परनाळा तर खाली गवतात पडलेला होता. मग ओलांडला कशाला म्हणायचं? अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, अजून न्हाई, अजून न्हाई. मग प्रतिष्ठेचा दिवस आला, होम झाला, आणि त्या सकाळी मी नेहमीसारखा कोपऱ्यावरून चाललो तर अप्पांनीच माझा दंड धरून थांबवलं. म्हणाले, आता हाय. मी आदल्या दिवशीही तिथंच होतो, दगडही तेच होते. मी मागं फिरलो. गावातले दोन म्हातारे माझ्याकडं बघून हसले आणि मीही हसलो.

त्या दिवशी माळावरचं सगळं गाव खाली उतरलं होतं. लातूरला राहायला गेलेले लोकसुद्धा आले होते. परनाळा झेंडूच्या माळांनी सजवला होता, त्याच्या वरचा कोनाडाही माळांनी भरून टाकला होता. आत अप्पांनी पिंडीवर घागर ओतली. बाहेर सगळे ओंजळी धरून उभे. पाणी आलं नाही. दुसरी घागर ओतली. मग हंडा ओतला. मगरीचं तोंड कोरडं ठणठणीत. लोक आधी थांबले, मग कुजबुजले, मग एकेक करून ओंजळी खाली गेल्या. अप्पा गाभाऱ्यातून बाहेर आले, परनाळ्यापुढं उभे राहिले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यांचं ते बसणं मला अजून दिसतं.

नवीन परनाळा असता तर आम्ही आधीच पाणी सोडून बघितलं असतं. इथं कसं बघणार? पिंड झाकलेली, प्रतिष्ठा व्हायची होती, तिच्यावर पाणी घालायचा हक्क कोणालाच नव्हता. परनाळ्याच्या गळ्यात आम्ही बाहेरून तांब्या ओतला होता, तो सरळ तोंडातून पडला होता. बाकी आतलं काम जुनंच होतं. पण लोकांना कोण सांगणार? दुपारपर्यंत गावात झालं होतं की त्या उर्दूवाल्या म्हाताऱ्यानं उलटे आकडे घातले, म्हणून पाणीही उलटं गेलं. मामूंनी ते ऐकून हत्यारं गोळा केली. एसटीत बसल्यावर अहमदपूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. मला लई राग आला होता. आकडे बरोबर होते, हे मी कोणाला हातवारे करून पटवू?

दोन दिवसांनी मी परत गेलो. ओव्हरसियर साहेब होते, पंच होते. परनाळ्याशेजारचे दोन दगड काढले. आत लोखंडी गज घातला, तो हातभर गेला आणि अडला. भूकंपानं आत काही सरकलं असेल, नाहीतर कोणे काळी चुना बसला असेल, नाहीतर मुळ्या असतील. पिंड हालवल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पिंड हालवायला अप्पांनी साफ मनाई केली. मग मी आमची जुनी तरकीब केली. पाण्यात हळद कालवून पिंडीवर ओतली आणि ती कुठं निघते ते बघत फिरलो. भिंतीभोवती बघितलं, ओढ्यात बघितलं, खाली जुन्या बारवेत पायऱ्या उतरून बघितलं. हळद कुठंच नाही. साहेब म्हणाले, गेली कुठं? मी म्हणालो, मला माहीत असतं तर मी बारवेत कशाला उतरलो असतो?

गावात विचारलं, आधी पाणी यायचं का? एकजात सगळे म्हणाले, म्हणजे काय, लहानपणापासून बघतो. नीट यायचं? धार धरून यायचं. मग भूकंपानंच काही झालं असणार, असं ठरलं. पण त्यानं अप्पांचं समाधान झालं नाही. एका दुपारी मला बाजूला बसवून ते म्हणाले, "युसूफ, मला वाचवलं आन् तिला नेलं, तवाच मला शंका आली व्हती. माझी सेवा त्याला नगं हाय." मी म्हणालो, दगड आहे अप्पा, दगडाला भेग जाते. ते म्हणाले, "भेग मलाच बघून जाती व्हय?" संक्रांतीनंतर देवळाला कुलूप लावून लातूरला मल्लूकडं जायचं त्यांनी ठरवून टाकलं. एवढी पिढ्यांची सेवा, ती अशी बंद होणार होती, आणि माझ्या उस्तादाच्या हातचं काम गावात बदनाम राहणार होतं. मला जेवण जाईना.

त्याच हिवाळ्यात मल्लूनं मला लातूरला बोलावलं. त्याच्या क्लासचे सर नवीन इमारत बांधत होते. तेव्हा लातुरात क्लासचं असं पेव फुटलं होतं की गल्लीगल्लीत बोर्ड. नांदेड, परभणी, देगलूरकडून पोरं यायची आणि त्यांच्यामागं आया यायच्या, खोली करून राहायला. सरांनी कुठं तरी देवळाचा परनाळा बघितला होता आणि त्यांना तसा गच्चीला पाहिजे होता. दर्शनी बाजूला, बरोबर दाराच्या वर. मी म्हणालो, सर, पावसात पोरं दारातून आत येणार आणि डोक्यावर धार पडणार. ते म्हणाले, पडू द्या, तोंडातून पडलेलं पाणी शुभ असतं. मी म्हणालो, मग पाइप कुठं काढू? ते म्हणाले, पाइप मागच्या बाजूला काढा, तोंडातून थोडंसंच पाडा, ऍडमिशनच्या दिवसांत. मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. मी मगर घडवून दिली, मामूंची खाचही घातली. पाणी किती सोडायचं ते प्लंबरवर टाकून दिलं.

तिथं दुपारी जेवायला मल्लू मला एका मेसमध्ये घेऊन गेला. मेस चालवणारी बाई त्याच गावची, सुंदराबाई. भूकंपाच्या आधी अप्पांच्या घराला लागून तिचं घर. नवरा गेला, मग नातवाच्या शिक्षणासाठी लातूरला आली आणि बाकीच्या पोरांचेही डबे करायला लागली. मी गावात भिंतीचं काम करणारा, हे कळल्यावर तिनं मला ताटाशेजारीच बसून विचारलं, पाणी का न्हाई आलं म्हणं? मी तीच रड सांगितली, आकडे, गज, हळद. मल्लू मान खाली घालून जेवत होता.

सुंदराबाईनं विचारलं, "कोनाडा धुतला नव्हता का?"

मी म्हणालो, कोनाडा? ती म्हणाली, हाव, परनाळ्याच्या वरचा. त्यात बारका देव हाय, महादेवाचा राखणदार. महादेवाचं झालं की त्याला पाणी घालायचं, अशी रीत. काशी रोज घालायची. अप्पा आत वतायचे, काशी भाईर कोनाडा धुवायची, भरून घागर. मग पाणी यायचं, आम्ही बाया ओंजळी धरायचो. काशी माहेरला गेली की कवा कवा यायचं न्हाई. आम्ही म्हणायचो, गुरवीण आल्यावर येईल.

मी हातातला घास खाली ठेवला. आम्ही गावात ज्यांना ज्यांना विचारलं होतं ते सगळे गडी. गडी सोमवारी नाहीतर जत्रेला यायचे, त्यांनी पाणी पडताना बघितलं होतं, आणि कोनाडा धुणारी गुरवीणही बघितली होती. पण बाईमाणूस काही तरी धूत असतंच, ते कोण बघतो? रोज सकाळी तिथं बायाच असायच्या, आणि बायांना आम्ही विचारलंच नव्हतं.

मल्लूनं विचारलं, आईला ठाऊक होतं का, की आतलं पाणी येतच नाही? सुंदराबाईनं आधी त्याच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, ती रीत म्हणून धुवायची बाबा. ठाऊक असलं तरी ती कशाला सांगतीय?

तिसऱ्या दिवशी मी गावात होतो. आधी अप्पांना काही बोललो नाही. कोनाड्यातल्या सुकलेल्या माळा काढल्या. तळाशी कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक होतं, काजळीनं आणि तेलानं काळं झालेलं. तांब्याभर पाणी ओतलं. भोकातलं पाणी परनाळ्याच्या गळ्यात उतरलं आणि मगरीच्या तोंडातून थोडं गळलं. भोक जुनं होतं, कडा गुळगुळीत झिजलेल्या. मूळ घडवणाऱ्यानं ठेवलं की नंतर कोणी पाडलं, हे मला सांगता आलं नाही, आजही येत नाही. आत पिंडीवरचं पाणी कधीपासून अडलं होतं, भूकंपापासून, काशीबाईच्या सासूपासून, की देऊळ बांधलं तेव्हापासूनच, याचाही पत्ता नाही. मी परनाळ्याखाली बसून राहिलो आणि माझं डोकं अगदी बधिर झालं.

आता हे अप्पांना सांगायचं का? न सांगावं तर माणूस देवानं मला टाकलं म्हणून कुलूप लावून निघणार. सांगावं तर त्यांना काय मिळणार? जन्मभर पिंडीवर ओतलेलं पाणी एकाही माणसाच्या ओंजळीत पडलं नसेल, हेच. माझ्या जागी मामू असते तर गप्प राहिले असते. मला गप्प बसता येत नाही, हा माझा स्वभाव.

अप्पा पत्र्याच्या खोलीत भांडी पोत्यात बांधत होते. मी खाली बसलो आणि सुंदराबाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. भोकाचंही सांगितलं. ते पोत्याची सुतळी हातात धरून ऐकत होते.

त्यांनी विचारलं, "मंग माझं पाणी कुठं जात व्हतं?"

मी म्हणालो, "ते मला न्हाई माहीत, अप्पा."

"आन् लोकं पीत व्हते ते?"

"काशीबाईंच्या हातचं."

त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मला वाटलं, चुकलं आपलं, उगाच बोललो. मग त्यांचे खांदे हालायला लागले. हसतात की रडतात ते मला आधी कळेना. रडत होते. भूकंपानंतर ते रडले नव्हते, असं मल्लू मला पुढं एकदा म्हणाला. मलाही रडू आलं. मी त्यांचा कोण लागतो, तरी आलं. पोत्यावर हात ठेवून आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, मल्लूला सांग, मी येत न्हाई. मग पोत्यातून दोन घागरी काढल्या, हौदावर जाऊन दोन्ही भरल्या. एक माझ्या हातात दिली. मी म्हणालो, अप्पा, मी कसा? ते म्हणाले, दुसरं कोण हाय हितं? आणि आपली घागर घेऊन देवळात गेले.

मी भिंतीला वळसा घालून परनाळ्यापाशी आलो. प्रदक्षिणेच्या ज्या बाजूनं यायचं त्याच बाजूनं आलो, ओलांडलं नाही. ऊन चांगलं वर आलं होतं. आत पिंडीवर पाणी पडल्याचा आवाज झाला, बराच वेळ झाला, मग थांबला. मी घागर उचलून कोनाड्यात ओतली. भोकानं पाणी घेतलं, आणि मगरीच्या तोंडातून धार सुटली, ओठापाशी न अडखळता, सरळ खाली.

आतून अप्पांनी विचारलं, "आलं का?"

हे ते पूर्वी रोज विचारत असणार. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ज्या सुरात त्यांनी विचारलं त्यावरून मला समजलं. आणि कोणाला विचारलं तेही समजलं.

"आलं," मी म्हणालो.

मग त्यांच्या पावलांचा आवाज झाला. ते बाहेर आले, हौदावर गेले, घागर भरली आणि माझ्याकडं न बघता परत आत गेले. मीही माझी घागर भरायला हौदाकडं निघालो.